नकार द्यायचाच, तर कागदावर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान महिना दीड हजारावरून अडीच हजार झालं, ते बरंच झालं. पण ही वाढ यादीत नाव असलेल्यांना. ज्यांचं नाव लागतच नाही त्यांचं काय?

आमच्या भागातल्या बऱ्याच जणांचे अर्ज मी भरून देतो. अर्ज जातो, समितीची बैठक होते आणि मग खिडकीवर तोंडी उत्तर मिळतं, 'तुमचं बसत नाही.' काय बसत नाही? वय, उत्पन्न, की पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा? धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका विधवा मावशींना हे अजून कळलेलं नाही. कारणच ठाऊक नसेल तर दाद कशाबद्दल मागायची?

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आणि दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे महिना साडेसतराशे! पुण्यात एवढ्यात पत्र्याची खोलीसुद्धा मिळायची नाही. त्यामुळे खरं सांगणारा बाद होतो आणि आकडा जुळवून आणणारा बसतो.

दिव्यांगत्व ४० टक्के तरी लागतं. त्याहून कमी लिहिलं गेलं की माणूस निमूट घरी येतो. वास्तविक २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय याच शहरात आहे, तरी ही साधी माहिती वस्तीपर्यंत पोहोचत नाही.

सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावं आणि अर्जदाराला ३० दिवसांत पहिलं अपील करता यावं, ही रीत २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने घालून दिली आहे. उत्पन्नाचा दाखला या कायद्यात येतो. मग त्या दाखल्यावर बेतलेल्या निर्णयालाही तीच शिस्त लावायला कोणाची हरकत आहे? चालू अनुदान मध्येच थांबतं, तेव्हाही असाच कागद मिळायला हवा.

नामंजूर अर्जांची यादी फलकावर लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. कोणाचं अपंगत्व किती टक्के, हे चारचौघांत कशाला? अर्जदाराच्या हातात सहीशिक्क्याचा एक कागद द्यावा. त्यावर नकाराचं कारण, अपील कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं मराठीत लिहिलेलं असलं की झालं.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे