"तात्यांना फोन द्या" म्हणणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो, एका ओळीचं तर काम" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्या काट्याचा सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर सुधारणारी प्रोग्रामची ओळ एकच होती, मान्य. पण ती शोधायला दोन हंगाम कुणालाच सवड झाली नव्हती.

आमचा वजनकाटा सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ. थंडीत ऊस, पुढं हळद. ट्रॉली चढायची, आकडा स्थिर व्हायचा आणि पावती काढायच्या वेळी कॉम्प्युटर गार. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, मागं ट्रॅक्टरची रांग. ज्यांनी काट्याची जोडणी करून दिली त्यांनी आधी व्होल्टेजला नावं ठेवली, मग रॅम बदलायला लावली, तीही दोनदा, आमच्याच पैशानं. शेवटी त्यांचा माणूस आला आणि तात्यांच्या तोंडावर म्हणाला, "अडाणी माणूस बसवल्यावर दुसरं काय होणार?" तात्या एकोणीस वर्षं त्या खुर्चीत आहेत. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

तुम्ही मात्र माझं सगळं पुराण ऐकून विचारलंत, "तिथं बसतं कोण? त्यांना फोन द्या."

तात्या ओशाळून म्हणाले, मला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही म्हणालात, "मला काट्यातलं कळत नाही, तात्या. तुम्हीच सांगा, बंद पडायच्या आधी काय होतं?"

मग तात्या बोलायला लागले. जड ट्रॉली उतरताना खोली हादरती, केबलची पिन ढिली हाय, निसटली की मी लगेच खोचतो. कधी मरतंय, कधी नाय. हेच त्यांनी आधी दोघांना सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण!

पुढचं तुम्ही यार्डातल्या भाषेत सांगितलंत, म्हणून मलाही कळलं. ड्रायव्हरनं, म्हणजे केबल सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, कर्नलकडून, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याकडून, मेमरीचा गाळा घेतलेला. पिन निघाली की तो गाळा सोडून देतो, पण थोड्या वेळानं यायला सांगितलेल्या हमालाला, म्हणजे मागाहून करायला ठेवलेल्या कामाला, "येऊ नको" म्हणायचं विसरतो. हमाल जुनी चिठ्ठी घेऊन येतो. गाळा अजून तसाच पडून असेल तर निभावतं, पण तेवढ्यात दुसऱ्यानं त्यात माल लावला असेल तर सगळा घोळ. म्हणून "आमच्याकडं तर चालतंय" म्हणणारेही खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त पिन काढून बघितली नव्हती. लिनक्सचा कर्नल १९९१पासून सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला जातोय, आणि तिथं गाळा कधी सोडायचा याचा हिशोब लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो. २०२२च्या डिसेंबरात ६.१ आवृत्तीपासून हा हिशोब स्वतःच तपासणाऱ्या रस्ट भाषेचा शिरकाव झालाय म्हणे, पण जुन्या ड्रायव्हरांचं ओझं आहेच.

सोडलेली मेमरी ६बी या खुणेनं भरून ठेवायची सोय कर्नलमध्येच असते, ती तुम्ही चालू करायला लावलीत. रात्री साडेदहाला तात्यांनी मुद्दाम पिन ओढली आणि पडद्यावरचं फोनवर वाचायला लागले, "ताई, सगळं एकसारखंच लिवलंय. सहा बी, सहा बी, सहा बी..." तुम्ही पलीकडून ओरडलात, "सापडला!" म्हणजे हमाल सोडून दिलेल्याच गाळ्यात शिरला होता. त्या रात्री तात्यांनी मला चहा पाजला. पहिल्यांदाच.

दुरुस्तीची ओळ काय, तर गाळा सोडायच्या आधी हमालाला परत पाठवायचं, आणि तो वाटेत असेल तर त्याचं काम उरकेपर्यंत थांबायचं. तुम्ही ही दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवलात, तो कर्नलमध्ये घेतला गेला. खाली "रिपोर्टेड-बाय", म्हणजे चूक कळवणारा, असं लिहून नाव तात्यांचं, माझं नाही. ईमेल तेवढा माझा, कारण त्यांच्याकडं तो नाही. मी त्याची प्रिंट काढून दिली. चष्मा पुसून त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं आणि घडी करून पावतीपुस्तकात ठेवली.

हुशार माणसं खूप भेटली, ताई. त्यातल्या एकानंही खुर्चीतल्या माणसाला विचारलं नाही, आणि विचारायला काही डिग्री लागत नाही.

सांगलीला याल तेव्हा भडंग बांधून ठेवतो, हरिपूरला संगमावर जाऊन येऊ. काट्यावरची पिन अजून ढिलीच आहे. नवी आणलीय, पण तात्या बदलू देत नाहीत. म्हणतात, "निसटू दे की. बघू, मरतंय का."

आपला,
काटेवाला