लॉबी दिल्लीत बसती, भाव आमच्या आडतीवर पडतो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लॉबीवाल्यांवर, म्हणजे सरकारकडं वशिला लावणाऱ्यांवर, अर्ध्या पानाचा लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाय, पण वाचून असं वाटतं की हा सगळा तिकडचा खेळ आणि आपण नुसते बघे. मी औसा तालुक्यातला सोयाबीनवाला माणूस, परराष्ट्र धोरण मला लई कळतं असं काही नाही, पण ते आमच्या सोयाबीनच्या कट्ट्यापर्यंत, म्हणजे पोत्यापर्यंत, कसं येऊन पोचतंय ते डोळ्यानं बघितलंय म्हणून लिहायलो.

२०२१ ची गोष्ट. पावसाळ्यात लातूरला सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता. त्या टायमाला आमच्यासारख्यांच्या घरात माल कुठं असतो, तो कधीच विकून मोकळे, पण रानात पीक उभं होतं आणि लोक शेंगा मोजून ट्रॅक्टरचे कोटेशन आणायले होते. आणि ऑगस्टातच दिल्लीनं १२ लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढून उरलेला, कोंबड्यांच्या खाद्यात जाणारा चोथा, बाहेरून आणायला परवानगी दिली, ती पण जीएम म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची. म्हणजे जे बियाणं आपल्या रानात टाकायला बंदी त्याचीच पेंड न्हावाशेवाला उतरली की चालते! मागणी पोल्ट्रीवाल्यांच्या संघटनांची होती, खाद्य परवडंना म्हणून. मी दसऱ्याच्या तोंडावर माल घेऊन गेलो तर हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा, सोळा टक्के निघाली म्हणून कापाकापी करून पाच हजार सुद्धा हातात पडले नाहीत. खोटं कशाला बोलू, त्यावर्षी सप्टेंबरात पावसानं दाणा पण डागी केला होता, सगळं खापर पेंडीवर फोडता येत नाही.

आणि गंमत अशी की माझ्या साडूचं पोल्ट्रीचं शेड आहे. पेंडीचे भाव चढले तेव्हा तो बिचारा पक्षी अर्ध्यावर विकायच्या गोष्टी करत होता. परवानगी आली तशी त्याच्या जिवात जीव आला. मी चिडून फोन केला तर म्हणला, दाजी, आमच्या लोकांनी दिल्लीला चकरा मारल्या, तुमचं कोण गेलतं का? मला उत्तर देता येईना.

मुद्दा हाच आहे. पोल्ट्रीवाल्यांनी मागणी केली हा गुन्हा नाही. लॉबिंग म्हणजे आपल्या भाषेत वशिलाच, तो सगळीकडं चालतो. पण अमेरिकेत त्याची वही असते. दुसऱ्या देशाच्या सरकारसाठी काम करणाऱ्यांनी नोंदणी करायचा कायदा त्यांच्याकडं १९३८ पासून आहे, हिटलरच्या प्रचारकांसाठी केलेला. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर ती सरकारी साईट उघडून दाखवली. आपल्या दूतावासानं लावलेल्या कंपन्या त्यात, पाकिस्तानच्या पण त्यात, करार, किती डॉलर, कोणाला फोन केला, कोणाला ईमेल पाठवला, सगळं पानापानावर. मी तर बघतच बसलो, आमच्या ग्रामपंचायतीचा ठराव असा बघायला मिळत नाही.

वही असली म्हणून जोर कमी होतो असं मात्र समजू नका. २०२४ ला न्यूयॉर्कमधल्या जमाल बोमन नावाच्या खासदाराला पक्षातल्या पक्षात पाडायला इस्रायलच्या बाजूच्या आयपॅक या संघटनेशी जोडलेल्या गटानं १ कोटी ४० लाख डॉलरपेक्षा जास्त ओतले, म्हणजे आपले शंभर कोटींच्या वर, ते पण एका जागेसाठी. तो पडला. पण कोणी पाडला, कितीत पाडला हे तिथल्या बाईमाणसाला, पोराला माहीत असतं.

आपल्याकडं? २०१२ आठवा. किराणा दुकानदारीत परदेशी गुंतवणुकीचा विषय चालू होता आणि वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानवाल्या कंपनीनं २००८ पासून लॉबिंगवर अडीच कोटी डॉलर खर्च केले, त्यात भारतातल्या गुंतवणुकीचा विषय पण होता, असं निघालं. संसदेत गोंधळ, चौकशी समिती, सगळं झालं. पण हे निघालं कुठून तर अमेरिकेच्या वहीतून! आपल्या घरातली भानगड शेजाऱ्याच्या रजिस्टरमधून कळायली. आपल्याकडं असा कायदाच नाही.

कापसाचं पण तसंच झालं. २०२५ च्या ऑगस्टात ट्रम्प साहेबांनी आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला. इकडं कपडा गिरण्यांच्या संघटना कधीच्या मागं लागल्या होत्या, तर १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उडवलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग सरळ डिसेंबरअखेर, म्हणजे परभणी जालन्याकडं वेचणी चालू असताना. अमेरिकेला खुश करायला केलं का गिरण्यांसाठी का दोन्हीसाठी, कोणी सांगावं? कोणता माणूस कोणत्या मंत्र्याला कोणत्या तारखेला भेटला हे लिहिलेलंच नाही तर आपण नुसते पारावर बसून अंदाज लावायचे.

तिकडच्या सोयाबीनवाल्यांची संघटना १९२० पासून आहे. २०१८ ला चीननं त्यांच्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला तर त्यांच्या सरकारनं शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलर काढले. आमचे मराठवाड्याचे आठ खासदार. आठही एका दिवशी एका विषयावर उभे राहिलेले मला तरी आठवत नाही, कोणाला आठवत असेल तर कळवा.

तुमच्या पेपरला एवढीच विनंती, शुल्क वाढलं कमी झालं ही बातमी छापता तेव्हा त्याच्या आधी महिनाभर कोण कोण निवेदन घेऊन गेलं होतं ते पण शोधून छापत जा. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता, माझे बावीस कट्टे अजून घरातच आहेत. साडूचा परवा फोन आलता, पेंड स्वस्तच आहे म्हणला.

आपला,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर