सुधाकरला नुसता दारुडा म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला' नाटकावर जे छापलंय ते वाचलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. कथानक चार ओळीत उरकलं, ठीक आहे, जागा कमी असेल. पण सुधाकर म्हणजे कमकुवत मनाचा व्यसनी, त्याची बायको सिंधू म्हणजे सोशिक पतिव्रता, बोध काय तर दारू वाईट, झालं नाटक? गाईडमधे असंच असतं. माझ्या भाचीने बीएच्या टेस्टला सुधाकरवर स्वतःच्या मनाने दोन पानं लिहिली तर सरांनी लाल पेनाने "मुद्दे नाहीत" लिहून अर्धे मार्क कापले. पोरगी रडली. आता पेपरवाले पण तेच मुद्दे छापायला लागले.

सुधाकर पहिला प्याला केव्हा घेतो ते तर पहा. तो वकील, कोर्टात मुन्सफाशी म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडतो, सहा महिन्यांसाठी वकिलीची सनद जाते, चारचौघांत मान जातो, आणि तेव्हा त्याचाच कारकून तळीराम त्याला पहिला प्याला पाजतो. मधे तो दारू सोडतो पण, हे कोणी लिहीतच नाही. सोडून ओळखीच्यांकडे नोकरी मागायला जातो, तिथे पुन्हा अपमान होतो आणि पुन्हा पितो. दोन्ही वेळेस आधी अपमान, मग प्याला. हे दिसलं नाही तर कथानक कळलं कसं म्हणायचं?

मला हे पुस्तकातून नाही कळलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रातभर नाटकं. बारावीत असताना शेजारच्या गावी तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर बसून, आईच्या शालीत अर्धी घुसून मी हे नाटक पाहिलं. तेव्हा माझा मोठा भाऊ सस्पेंड होऊन चार महिने झाले होते. सुपारीचं खांड पण न खाणारा माणूस. साहेबाने पूर्ण स्टाफसमोर फाईल अंगावर फेकली, त्या दिवशी तो घरी आला तो सायकल हातात धरून, सहा किलोमीटर पायी, बसलाच नाही सायकलवर. आठ दिवसांनी पहिल्यांदा वास आला. गावात सगळे म्हणायचे संगत वाईट. नाटकात सुधाकरची सनद गेली आणि आईने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी पण दुखत होतं.

आणि सिंधू. सुधाकरच्याच माराने जखमी होऊनही ती शेवटी फौजदाराला खोटी जबानी देते, नवऱ्याला वाचवायला. आमच्या वहिनीला डोक्याला चार टाके पडले तेव्हा दवाखान्यात ती म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. मी बाजूलाच उभी होते. बोलताना ती डॉक्टरकडे नाही, भावाकडे पाहत होती, एकटक, आणि त्याने मान खाली घातली ती घातलीच. ती नजर गरीब गायीची नव्हती हो. तेव्हापासून कोणी सिंधूला नुसतं सोशिक म्हटलं की मला राग येतो. तिने केलं ते बरोबर असं मी म्हणत नाही, वहिनीलाही नाही म्हटलं कधी. पण काहून केलं हे तरी विचारा.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. भावाला बंदीतही मिळत होती, नंतरही मिळाली. त्याचा मान मात्र कोणी परत आणून दिला नाही.

अजून एक, गडकरींना नुसतं "थोर नाटककार" म्हणून मोकळे झालात. ते गेले आपल्या सावनेरला, जानेवारी १९१९ मधे, आणि हे नाटक स्टेजवर आलं पुढच्या महिन्यात, त्यांनी पाहिलंच नाही. नागपूर जिल्ह्यातली गोष्ट, आणि विदर्भाच्या पेपरात एक ओळ नाही.

आणि हो, रविवारची पुरवणी आमच्याकडे तीन आठवडे झाले येत नाहीये, एसटीने पेपर येतो अकराला आणि आतली पानं गायब. पैसे पूर्ण घेता, पुरवणी पण पाठवा.

एक वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर