गाणं पळवू नकोस

गावभाग, सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत आला होतास तेव्हा ‘सैराट’ लावलास आणि गाणं आलं की रिमोटनं पुढं पळवत होतास. “गोष्ट थांबते गं आई,” म्हणालास. माझे हात तेव्हा उकडीत होते, म्हणून गप्प बसले.

तुझं निम्मं बरोबर आहे. नायिका कारण नसताना बर्फात साड्या बदलायला लागली की मीही कुकर लावायला उठते. आणि या बाबतीत आपल्या संगीत नाटकानंही कमी गुन्हे केलेले नाहीत. १८४३ साली इथंच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा आणि कथा त्या पदांवरच पुढं सरकायची. हरिपूरच्या देवलांनी ‘शारदा’त म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख पदांत घातलं, तेही गोष्टीच्या पोटातून आलेलं. मग वन्समोअरचा काळ आला. एकच पद पुन्हा पुन्हा, नाटक पहाटेपर्यंत, आणि नायिकेचं काय झालं हे विचारायचं कुणाला सुचेना! तुझे आजोबा त्या मैफलीचे भक्त. मी हे लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

पण गाणं गोष्टीतलंच असेल तर? प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकोबांचा अभंग समजून किती जणांनी गायलं असेल! ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, सिनेमासाठी. पडद्यावरच्या तुकारामाच्या तोंडी ते इतकं चपखल बसलं, की लोकांनी गाथेतच जमा केलं.

तिकडच्या म्युझिकलमध्ये मला २०१२ चा ‘ले मिझराब्ल’ आवडतो. तो लांबलाय, रसेल क्रोचं गाणं तर मला सोसवत नाही. पण त्यात नटांनी चित्रीकरण चालू असतानाच गायलंय. कानात फक्त पियानो, वाद्यवृंद मागाहून भरला. त्यामुळे ॲन हॅथवेचा गळा दाटतो तो रडू आल्यामुळं. स्वर सुटला तरी चालतो तिथं. याउलट ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना आवाज मार्नी निक्सनचा, आणि श्रेयनामावलीत त्या बाईचं नावसुद्धा नाही. आपल्याकडं निदान लताबाईंचं नाव पानवाल्यालाही माहीत असतं.

तुझ्या आवडीच्या गंभीर सिनेमांकडं येते. ‘कोर्ट’ तूच मला दाखवलास. त्यात शाहिरावर खटला कशाचा? त्याच्या गाण्यानं एका गटार साफ करणाऱ्या माणसाला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा. तिथं गाणं पळवलंस तर कोर्टात काय चाललंय तेच कळायचं नाही. तो पोवाडा कॅमेरा एका जागी ठेवून निवांत ऐकवतात, तेव्हा मात्र तू रिमोटला हात लावला नव्हतास. मी पाहत होते.

आता ‘सैराट’. अजय-अतुलनी त्यासाठी अमेरिकेत जाऊन सिंफनी रेकॉर्ड केली. आधी ती सगळी धून, ते झिंगणं, विहिरीतल्या उड्या. आणि शेवटी ते लेकरू रडत बाहेर येतं, पायांचे ठसे उमटतात, आणि आवाज शून्य. थिएटरात माझ्या शेजारच्या बाईनं पदर तोंडात धरला होता. अडीच-पावणेतीन तास कानात गाणी भरली होती, म्हणूनच ते बंद झाल्यावर कान बधिर झाले. तू गाणी पळवून शेवट पाहिलास आणि म्हणालास, “एवढं काय त्यात?”

दिवाळीत पुन्हा लावू. तुझे बाबा मध्येच झोपतील, झोपू देत. येताना माझा चष्मा पुण्याच्या दुकानातून आण, काच बदलून झाली असेल.

तुझी,
आई