पिचिंगच्या दगडाखाली काय आहे, ते आधी मोजा

संपादक महोदय,

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या दुरुस्तीची कामे उन्हाळ्यात निघतात. टिप्पर पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) पिचिंगचा, म्हणजे उतार झाकण्याचा, दगड ओतून जातात, तो जरा सारखा केला जातो आणि कामाचा फलक लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत तोच दगड पाण्यात घसरलेला दिसतो. लोक दगडाला नावे ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा त्याच्याखाली असतो.

वाऱ्याने उठलेल्या लाटा पाळीला एकाच पातळीवर धडकत राहतात. तिथे आधी वीतभर कपार पडते, मग वरची माती लोंबकळून ढासळते. दगड हा मार झेलतो खरा, पण परतणारी लाट दगडांच्या फटींतून माती ओढून नेते. थेट मातीवर रचलेल्या पिचिंगजवळ उभे राहून पाहा. लाट ओसरली की फटीतून गढूळ पाण्याची बारीक धार येते. ती पाळीचीच माती. आत पोकळी होते आणि वरचा दगड खचतो.

म्हणून दगडाखाली फिल्टर लागतो. आधी जाड्याभरड्या रेतीचा 10 सेंमी थर, तिच्यावर 10 सेंमी गिट्टी आणि मग 30 सेंमी जाडीचे पिचिंग. रेती माती अडवते, गिट्टी रेती अडवते. रेती मिळत नसेल तर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड चालते. काळे प्लास्टिक मात्र अजिबात नको. तलावाची पातळी झपाट्याने उतरली की पाळीत मुरलेले पाणी प्लास्टिकमागे अडकते आणि दगडासकट उतार खाली ढकलते.

उतार दोनास एक हवा, म्हणजे 1 मीटर उंचीला 2 मीटर पसारा. जुन्या पाळी यापेक्षा उभ्या असतील तर आधी माती घालून, दाबून उतार करावा. दगड 22 ते 30 सेंमीचा, कोनदार, हातोड्याने ठोकल्यावर खणखणणारा असावा. नदीतला गोल गोटा टिकत नाही, तो घरंगळतो. दगडाची लांब बाजू उतारात रोवून एकेक दगड हाताने बसवावा आणि फटींत चिपा (दगडाचे लहान तुकडे) ठोकाव्यात. 100 मीटर लांब पाळीवर 4 मीटर उताराला साधारण 42 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) दगड, 14 ब्रास रेती आणि 14 ब्रास गिट्टी लागते. पायथ्याला 60 सेंमी रुंद, तितकीच खोल चर खणून मोठ्या दगडांनी भरायची, त्याचे आणखी 13 ब्रास. सगळे पिचिंग याच चरीवर टेकलेले असते. गाळ काढताना जेसीबी पाळीला चिकटून चालवला तर हा पायाच उखडतो. खोदाई पाळीपासून लांब ठेवावी.

आता जनावरांचे. रानडुकरे ओला काठ उकरतात, पण घट्ट रचलेला दगड त्यांना उलथत नाही. साळिंदर पाळीत बीळ करते. ही दोन्ही जनावरे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली येतात, त्यामुळे फास किंवा करंट लावणे गुन्हा आहे. बिळात विष टाकले तर ते पाण्यात उतरते आणि ढिवर बांधवांची मासोळी जाते. खेकड्याला तर सैल पिचिंग म्हणजे आयते घर. 2019 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले. आमच्या मते खेकड्याआधी देखभालीकडे बोट दाखवायला हवे. चिपा नीट ठोकल्या की त्याला आत शिरायला जागाच उरत नाही.

घूस मात्र पाळीच्या मागच्या, कोरड्या बाजूने येते. तिथे समोरच्या पिचिंगचा काही उपयोग नाही. मागच्या उतारावरचे बेशरमचे रान मुळासकट काढावे, म्हणजे बिळे दिसतात. बिळाच्या तोंडावर दगड ठेवून भागत नाही. ते शेवटपर्यंत उकरून चिकणमातीचे वीत-वीतभर थर द्यावेत आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. पाळीवर वाढलेल्या बाभळीही लहान असतानाच काढाव्यात. मोठे झाड तोडले की मुळे कुजून आत नळीसारखी वाट तयार होते. म्हशींना पाण्यात उतरायला पाळीपासून दूर वेगळी उतरण करून दिली, तर रचलेला दगड हलत नाही.

फिल्टर आणि पायथ्याची चर एकदा दगडाखाली गेली की कोणालाच दिसत नाही, आणि काटछाटही तिथेच होते. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला आमची विनंती आहे: अंदाजपत्रकात या दोन्ही बाबी वेगळ्या दाखवाव्यात. दगड चढवण्याआधी ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटीच्या प्रतिनिधींसमोर त्यांची जाडी मोजावी आणि ते मोजमाप 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. तेव्हा पाणी खाली असते आणि कमी भरलेले पुन्हा भरून घ्यायला पावसापूर्वी महिनाभर हाताशी असतो.

– तलाव दुरुस्तीच्या कामांतले काही वाचक, लाखनी (जि. भंडारा)