पाऊस कधी पडला, तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, पावसाळ्यात देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला, ही बातमी वाचून आमच्या गल्लीतले एक नोकरदार गृहस्थ मला म्हणाले, "मग काय, यंदा मजा आहे तुमची." त्यांचा काही दोष नाही. बातमीत आकडा होता, तारखा नव्हत्या.

येळ्ळूरच्या शिवारात माझं एक एकर भात आहे, बळ्ळारी नाल्यापासून चार बांध अलीकडे. बासमती करतो, आपली बेळगावी. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर टाकतो. दावणीला एक म्हैस आणि एक गाय. मुलगा उद्यमबागेत कामाला जातो म्हणून घर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. शेतीवर चालतं असं लिहिलं तर गावातले वाचून हसतील.

आमच्याकडे बहुतेकजण धूळवाफ पेरणी करतात. वळिवाचा एखाददुसरा पाऊस झाला की नांगरट, कुळवणी करून, ढेकळं फोडून रान भुसभुशीत करायचं आणि मेअखेरीस रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या मातीत भात पेरून मोकळं व्हायचं. मृगाच्या पावसावर उगवण होते. तरू टाकणं (आधी रोपं तयार करणं), चिखल करणं, लावणीला बायका शोधणं, हा सगळा खर्च त्यात वाचतो. यंदा मान्सून २४ मे रोजीच केरळात पोचला. २००९ नंतर इतक्या लवकर तो पहिल्यांदाच आला. आमच्याकडे तर त्याआधीपासूनच झड लागली होती. रानात धूळच राहिली नाही, तर धूळवाफ कसली? झक मारत तरू टाकलं. तेही तरण्या पावसात, म्हणजे जुलैतल्या पुनर्वसूत, नाल्याचं पाणी आत शिरून कुजलं. उसनंपासनं करून दुसऱ्यांदा लावण केली.

एवढं होऊनही सप्टेंबरात रान हिरवंगार दिसत होतं. नुकसानीची सरकारी पाहणी झाली ती त्याच दिवसांत. बांधावरून बघणाऱ्याला ते पीक चांगलंच वाटणार, मलाही वाटलं होतं.

मग स्वाती आल्या, ऑक्टोबरअखेरचं ते नक्षत्र. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' असं आजी म्हणायची. अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातल्या शाळूला ते लागू आहे, तिथे स्वातीचा पाऊस म्हणजे खरंच मोती. माझं भात मात्र कापून आडवं पडलं होतं, दोन उन्हं द्यायची म्हणून. रात्री पाऊस आला, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी पेंढी उचलली तर खालच्या बाजूच्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटलेले आणि हाताला कोमट लागलं. आंबूस वास येत होता. बासमतीचा वास कसा असतो हे बेळगावकरांना सांगायला नको, तो नव्हता एवढं लिहितो.

भात गिरणीवर नेलं. गिरणीवाल्याने मूठभर घेतलं, तळव्यावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि तांदळाचा एक दाणा दाताखाली धरला. "तुकडा पडणार हो मामा," म्हणाला. पोत्याला हातही लावला नाही. हमीभाव २०२५-२६ ला साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये होता, पण तो ओलावा १७ टक्क्यांच्या आत असलेल्या स्वच्छ मालाला. कोंब आलेलं, काळं पडलेलं भात तिथे चालत नाही.

आता हिशेब सांगतो. बरं वर्ष असलं की मला बारा क्विंटल भात होतं. यंदा साडेनऊ झालं. म्हणजे वजनात पाचवा हिस्सा गेला. दर मिळाला गेल्या वर्षीच्या पाऊणपट. तेव्हा बऱ्या वर्षी जिथे रुपया यायचा तिथे यंदा एकोणसाठ पैसे आले. खर्च बऱ्या वर्षी त्या रुपयातले पन्नास पैसे खातो. यंदा दोनदा लावण, वर भांगलण, म्हणून तो साठ पैशांवर गेला. बाकी उणे एक पैसा. माझी आणि बायकोची मजुरी यात धरलेली नाही, आम्ही कधीच धरत नाही.

शिवाय पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, काळं पडलं. ते म्हशीपुढे टाकलं तर ती तोंड फिरवते, विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. वैरण आता विकत आणायची. रान वाफशावर यायला वेळ लागला, मसुराचा हंगाम टळला. एका पावसात तीन उत्पन्नं गेली आणि कागदावर त्यातलं फक्त भात येणार. तेसुद्धा आलं नाही, कारण भरपाईला नुकसान ३३ टक्क्यांवर लागतं आणि माझं वजनात एकवीसच भरतं. केंद्राच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, त्यावर कर्नाटक सरकारने यंदा तेवढेच आणखी जाहीर केले. एकराला साधारण ६,९०० झाले असते. शेजारचं शेत अर्धेलीने करणाऱ्याचं नुकसान निम्म्याहून जास्त आहे, पण उतारा मालकाच्या नावाचा, त्यामुळे पैसे आले तर तिकडेच जमा होणार.

विम्याचं विचाराल तर मी उतरवला नव्हता. चूक माझी आहे. पाण्याखाली गेलेल्या भाताची वैयक्तिक भरपाई २०१८ साली पीक विम्यातून काढून टाकली. नुकसान मोजता येत नाही, हे त्याचं एक कारण दिलं गेलं. नाल्याकाठच्या माणसाला पाण्याचाच विमा नसेल तर हप्ता कशाला भरायचा, असं मनाशी धरून मी बसलो. कापून वाळत घातलेल्या पिकाचं अवकाळी पावसाने नुकसान झालं तर चौदा दिवसांपर्यंत विमा लागू असतो, हे मला दिवाळीनंतर कळलं. आता बुडालेल्या भाताची भरपाई खरीप २०२६ पासून पुन्हा सुरू होणार, असं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याचं मनापासून स्वागत. फक्त नुकसान ७२ तासांत कळवायचं असतं, आणि ते ७२ तास आमच्या रानात गुडघाभर पाणी असतं. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला माझ्या बहिणीकडे २०२३ पासून दोन वर्षं एक रुपयात विमा होता, तोही आता बंद झाला. आमच्या दोघांच्या शेतांवर ढग एकच येतो, फॉर्म तेवढे वेगळे.

पाऊस कमी पडला तर भाव तरी मिळेल, असं वाटत असेल तर २०२३ आठवा. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला, कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी ठरले. आणि त्याआधी जुलैतच बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली होती, ती पुढच्या वर्षी सप्टेंबरात उठली. आमची बासमती नावालाच बासमती, बाजार तिला साध्या तांदळाबरोबरच खाली ओढतो. शहरातल्या माणसाला तांदूळ परवडला पाहिजे, हे मान्य. त्याची किंमत दर वेळी एकरभरवाल्याने का भरायची, एवढंच विचारतो.

आणखी एक गोष्ट मोजमापात येत नाही. पूर्वी दसऱ्यानंतर पहाटे बांधावर गेलं की पाय दवाने भिजायचे आणि शिवारभर वास असायचा. वासाच्या भाताला दाणा भरताना थंड रात्री लागतात. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं होतं, की रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं तर तिथल्या कोरड्या हंगामातलं भात दहा टक्क्यांनी घटतं. वासाचं काय होतं ते त्यात नव्हतं. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतही हवामान बदलाने शेतीचं उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्के आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्के घटू शकतं, असं म्हटलं होतं. म्हणजे दिल्लीला हे ठाऊक आहे.

बंगळूरलाही ठाऊक आहे. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत, त्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी होते. माझं भात आडवं पडलं होतं त्या तीन रात्री कुठल्या तासाला किती पाऊस झाला, हे तिथे लिहिलेलं असणार. त्याच केंद्राच्या 'वरुणमित्र' दूरध्वनीवर मी विचारणा करतो, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडला ते हसत नाहीत, चांगली माणसं आहेत. पण भरपाईचा कागद ती नोंद उघडून बघत नाही. कापणीच्या दिवसांत इतका पाऊस इतके दिवस पडला, तर त्या पंचायतीत कापलेल्या भाताचं नुकसान धरायचं, असा नियम करायला कुणाला बांधावर यायचीही गरज नाही. तोलताना वजनाबरोबर मिळालेला दरही बघा, एवढी एक ओळ त्यात घातली तरी माझ्यासारखे पुष्कळजण त्यात बसतील.

आपल्याकडे एक मागणं आहे. पावसाळ्यात आपण रोज तालुक्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये छापता, शेवटी एकूण बेरीज देता. पुढच्या जूनपासून त्याशेजारी नक्षत्रवार रकाना द्या. रोहिणी किती, तरणा किती, स्वाती किती. जागा फार लागणार नाही, सोन्या-चांदीच्या दराच्या खाली बसेल. मी कात्रणं ठेवीन आणि पुढच्या पाहणीला येणाऱ्यांपुढे धरीन.

आपला,
एक भात उत्पादक वाचक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव