फेलोशिपवाल्या पोरांना आधी मोजणीचा टेप धरायला लावा

संपादक साहेब, नमस्कार.

माझी पुतणी आर्किटेक्ट झाली आणि आता शहर नियोजनाच्या एका फेलोशिपवर आहे, दहा महिन्यांची, मॅपिंग शिकायचं, घरांच्या धोरणाचा अभ्यास करायचा आणि महिन्याला स्टायपेंड. घरात सगळे खूश, पण तिचं काम नक्की काय ते कोणालाच सांगता येत नाही, आमची आई शेजारी सांगते की नकाशे काढते, काकासारखेच. मी भूमी अभिलेखमधून, म्हणजे सरकारच्या जमीन मोजणी खात्यातून, भूकरमापक (जमीन मोजणारा) म्हणून रिटायर झालोय त्यामुळे मला यात जरा जास्तच इंटरेस्ट, म्हणून हे पत्र.

फेलोशिप चांगलीच आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल म्हातारा कुरकुरतोय. नीती आयोगाच्या 2021 च्या रिपोर्टमधे आहे की देशातल्या 7,933 शहरांपैकी 65 टक्क्यांना मास्टर प्लॅनच नाही, राज्यांच्या नगररचना खात्यांत 12 हजारांवर माणसं लागतील, मंजूर जागा 4 हजारांच्या आत आणि त्यातल्या 42 टक्के रिकाम्या. मग अशी पोरं कोणी तयार करत असेल तर नावं कशाला ठेवायची.

पण गेल्या महिन्यात ती मला पर्वती पायथ्याच्या एका वस्तीत घेऊन गेली. लॅपटॉपवर ड्रोनचा फोटो, त्यावर एकेका छपराभोवती रेघ मारून तिनं घरं मोजलेली. त्यात एक निळा पत्रा, तिच्या हिशोबात एक घर. आत गेलो तर खाली थोरला भाऊ, लोखंडी शिडीनं वर पोटमाळ्यावर धाकटा बायकोपोरांसकट, आणि मागच्या बोळातून दार असलेल्या खोलीत एक भाडेकरू मावशी, तीन शेगड्या, विजेचे तीन मीटर. वरून एक पत्रा आणि खाली तीन चुली! पुतणी गप्पच झाली. मी म्हणलं अगं ड्रोनला दार कुठे दिसतं, तू कशाला वाईट वाटून घेतेस.

ही बारीक गोष्ट नाही. मुंबईतल्या धारावीच्या पुनर्विकासाचंच बघा, तळमजल्यावर 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून असाल तर धारावीतच फुकट घर, आणि वरच्या मजल्यावर राहात असाल तर धारावीबाहेर भाड्याचं. म्हणजे नकाशावर तुम्ही कुठल्या मजल्यावर लागलात त्यावर तुमची पोरं कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. आणि चुकीच्या नकाशाचं काय होतं ते मुंबईनं बघितलंय, 2015 चा विकास आराखड्याचा ड्राफ्ट चुकांमुळे इतका गाजला की सरकारला तो परत दुरुस्तीला पाठवावा लागला आणि पक्की मंजुरी यायला 2018 उजाडलं.

आता आमच्या खात्याचं पण सांगतो, एकतर्फी नको. आमच्या नकाशाच्या शीटवर ती अख्खी वस्ती म्हणजे एक सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या एका तुकड्याचा सरकारी नंबर, हद्द पक्की आणि आत कोरा कागद. पुतणीच्या लेयरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशावर, चारशे घरं, पण त्याला हद्द नाही की कायद्याचा आधार नाही, कोर्टात कोणी विचारणार नाही. दोन्ही नकाशे एकमेकांवर टाकून बघितले तर एक अख्खी गल्ली सरकून शेजारच्या नंबरात! असं का झालं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, मोजणीचे दगड आणि जुनं टिपण (जुन्या मोजणीच्या मापांची नोंद) म्हणजे काय तेही नाही. गुंठा म्हणजे 33 फुटी साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक हे सांगितलं तर तिनं वहीत लिहून घेतलं.

गावठाणांचं स्वामित्वचं, म्हणजे ड्रोननं घरं मोजून मालकीचा कागद देण्याच्या केंद्राच्या योजनेचं, काम झालं तेव्हा, पुरंदरच्या सोनोरीत आपल्याकडची सुरुवात झाली, ड्रोन उडायच्या आधी माणसं चुना घेऊन गावात फिरायची, ही तुझी भिंत, ही माझी, भांडणं झाली तर तिथंच, मग वरून फोटो. शहरातल्या वस्तीत हेच का नको? फेलोशिप देणाऱ्यांनी निदान एक महिना तरी या पोरांना मोजणीवाल्यांबरोबर उन्हात उभं करावं आणि नकाशा ऑफिसात जमा करायच्या आधी वस्तीतल्या चौकात मराठीत वाचून दाखवावा, लोक पाच मिनिटात चुका काढतील.

अजून एक, त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला वस्तीतलीच एक मुलगी होती, सिव्हिल डिप्लोमा, संध्याकाळचं बी.ए. चालू. कोणाचं कुठलं मीटर, कोण कधी आलं सगळं तोंडपाठ. मी म्हणलं तू का नाही फॉर्म भरत, तर म्हणली काका फॉर्म इंग्लिशमधे, निबंध इंग्लिशमधे आणि डिग्री पूर्ण पाहिजे. पुतणीनंच तिला मोबाइलवर फॉर्म उघडून दाखवला, दोघी बराच वेळ बघत बसल्या.

तेव्हा फॉर्म मराठीत निघावा आणि त्याची जाहिरात तुमच्यासारख्या पेपरात यावी, वेबसाइटवर कोण बघतंय. आणि फेलोशिप संपल्यावर नकाशा कोणाच्या ताब्यात राहणार तेही त्याच जाहिरातीत छापा, पोरं दहा महिन्यांनी दुसरीकडे जातात, राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप सुद्धा 2015 ला आली, मधे बंद पडली, 2023 ला परत चालू झाली, तोवर त्या वस्तीत आणखी दोन पोटमाळे चढतात.

निळ्या पत्र्याचं सांगायचं राहिलं, तिनं आता तिथं एकाच्या जागी तीन घरं टाकलीत. पुढच्या शनिवारी बाकीच्या गल्ल्या आहेत, मी जातोय, टेप माझाच नेणार.

- एक निवृत्त भूकरमापक, पुणे